चार फूट मागं

खंदारे साहेब पहिल्यांदा आमच्या गल्लीत आले, तेव्हा तीन दिवस त्यांनी माझ्या जागेकडं ढुंकूनही पाहिलं नाही. हे मी आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढं मी त्यांच्यावर जो संशय घेतला, तो काही उगाच घेतला नाही हे तुमच्या ध्यानात येईल. ज्या माणसाला आपण दुकानाचा नकाशा काढायला बोलावलं, तो आपली जागा सोडून शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या दाराची उंची मोजत फिरतो, ह्याचा अर्थ काय लावायचा?

आमची गल्ली हिंगोलीच्या जुन्या पेठेतली. तोंडाशी दगडी कमान आहे, म्हणून कमानीची गल्ली. दोन्ही बाजूंना दुकानं, प्रत्येक दुकानापुढं काळ्या दगडाचा ओटा, ओट्यावर लाकडी खांब आणि खांबांवर उतरती छपरी. एकाचा ओटा संपला की लगेच दुसऱ्याचा सुरू. निजामाच्या काळापासूनची ही रांग. बाजाराच्या दिवशी सेनगावकडच्या बाया जीपमधून उतरल्या की ह्याच ओट्यांवर टेकायच्या, पिशव्या ठेवायच्या, लेकराला पाजायच्या. आमचं भांड्यांचं दुकान रांगेच्या मधोमध.

आमचे हे गेले आणि मी गल्ल्यावर बसायला लागले. तेरावा झाला, अन् चौदाव्या दिवशी शेजारचे गुलाबराव कापडवाले मला विचारायला आले, ‘‘वहिनी, जागा काढायची का?’’ त्या दिवसापासून माझा स्वभाव असा झाला. कुणी गोड बोललं की मला वाटायचं, कुठंतरी पाणी मुरतंय. कुणी कडू बोललं तर वाटायचं, हा गुलाबरावचा माणूस. एकट्या बाईला असं राहावंच लागतं. मला कुणी त्याबद्दल बोल लावू नये.

पुढं मागची भिंत बसली, छपरी कुजली, आणि मी सगळं पाडून नवं बांधायचं ठरवलं. माझ्या डोक्यात बिल्डिंग तयारच होती. बसस्टँडच्या रोडला आहेत तशी. समोर निळी काच, रस्त्याला लागून दोन शटर, वर तीन मजले. ओटा भरून आत घ्यायचा, म्हणजे दुकान चार फूट पुढं येतं. अठरा फूट रुंदीच्या जागेला चार फूट म्हणजे काय, हे भांडी विकणाऱ्याला विचारा. हंडे, पातेली, टोप रचायला एक आख्खी रांग वाढते.

परवानगीला नकाशा पाहिजे, म्हणून खंदारे साहेबांना निरोप गेला. मूळचे साखऱ्याचे. मोठ्या शहरात शिकले, पुष्कळ वर्षं तिकडंच बिल्डिंगी बांधल्या, आणि मग एकाएकी सगळं सोडून गावाकडं येऊन सोयाबीन करायला लागले. मला तिथंच शंका आली. चांगलं चाललेलं सोडून माणूस काहून परत येतो?

पन्नाशीचे असतील. उंच, वाळके, शर्ट इस्त्रीचा पण कॉलर विरलेली. कुणाच्याही ओट्यावर चढताना चपला खाली काढायचे. दुकानदार म्हणायचे, ‘‘अहो साहेब, राहू द्या, या तसेच.’’ तरी काढायचे. कागद कधी विकत घेत नसावेत. कारण सगळं लिहिणं लग्नपत्रिकांच्या पाठीवर. पिशवीत पत्रिकांचा गठ्ठाच असायचा. एका बाजूला ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’ आणि दुसऱ्या बाजूला गुलाबरावच्या खांबाची जाडी. आपण काही विचारलं की ‘‘बराबर’’ म्हणायचे आणि गप्प बसायचे. ते बराबर आपल्या बोलण्याला होतं की त्यांच्या स्वतःच्या मनातल्या कशाला, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

आणि प्रश्न तरी कसले विचारायचे! खोल्या किती, शटर किती, हे नाही. ‘‘वहिनी, दुपारी दोन वाजता तुमी कुठं टेकता?’’ ‘‘गिऱ्हाईक भांडं वाजवून बघतंय, ते उन्हात उभं राहून का सावलीत?’’ मी मनात म्हणलं, हा इंजिनिअर आहे का ज्योतिषी!

चौथ्या दिवशी त्यांनी गेरू भिजवला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरा ताणला आणि प्रत्येक दुकानाच्या भिंतीवर, ओट्याच्या उंचीला एक अन् छपरीच्या उंचीला एक, अशा लाल खुणा केल्या. नवी बिल्डिंग जुन्या रांगेत बसवायची तर रांग कुठं चढते, कुठं उतरते, हे एका नजरेत दिसावं म्हणून. पण हे त्यांनी कुणाला सांगितलं का? नाही. पत्रिकांची पिशवी खांद्याला लावली आणि साखऱ्याची जीप धरली.

आता लाल खूण म्हणजे काय, हे आमच्या पेठेत दूधपित्या पोरालाही कळतं. मागं एकदा मोठ्या रोडला रुंदीकरण झालं, तेव्हा अशाच खुणा झाल्या होत्या आणि त्यामागून पाडापाडीचं मशीन आलं होतं. गल्लीत बोंब झाली. ‘‘सर्वे झाला, सर्वे झाला! भांडेवाल्या बाईनं साहेब आणला अन् गल्ली मोजून दिली!’’ सगळे माझ्याकडं असे बघायला लागले, जशी काही मीच मशीनवर बसून येणार होते. मी शपथा घेतल्या. कोण ऐकतं?

गुलाबरावनी मात्र कमाल केली. मशीन आलं तर दगड फुटतील, त्यापेक्षा आपणच काढून वाड्यात ठेवू, असा हिशोब करून त्यांनी सकाळी चार माणसं लावली आणि स्वतःचा ओटा स्वतःच उखडला. खुणेपर्यंत, अगदी सरळ रेषेत. बाकीच्यांनीही पहारी काढल्याच होत्या. तेवढ्यात खंदारे साहेब कमानीतून आत आले.

ओटा गेलेला बघितला आणि ते मटकन खालीच बसले. मग गुलाबरावना म्हणाले, ‘‘काका, काहून काढला?’’

‘‘काहून म्हंजे? तुमीच तर खूण केली!’’

‘‘मी ठिवायसाठी खूण केली हो. काढायसाठी न्हाई.’’

त्यांचे डोळे भरून आले होते. मी स्वतः पाहिलं. दगडासाठी रडणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. तेव्हा मला दया आली नाही हे खरं सांगते. मला वाटलं, नाटक करून राहिला.

पुढचे आठ दिवस माझं काम बंद. साहेब आणि माझ्या कामावरचा जब्बार मिस्त्री मिळून गुलाबरावचा ओटा परत बसवत होते. कुठला दगड कुठं होता ते पत्रिकांच्या पाठीवर एकेक आकडा घालून लिहिलेलं होतं. साहेब वाचून दाखवायचे, मिस्त्री बसवायचा. एक दगड बोटभर चुकीचा बसला तर परत काढायला लावला. आणि मी पाडून मोकळ्या केलेल्या माझ्या जागेवर खुर्ची टाकून हे बघत होते. नकाशा माझा, साहेब माझा, मिस्त्री माझा, आणि ओटा होतो कुणाचा, तर गुलाबरावचा! रोज दोन्ही वेळचा चहाही तिकडंच. साहेब अन् गुलाबराव हसत होते, खांबाला हात लावून बोलत होते. माझ्या मनात पक्कं बसलं की गुलाबरावनी साहेबांना फोडलं.

ओटा झाला त्याच दिवसापासून साहेबांनी गुलाबरावकडचा चहा बंद केला. कमानीजवळच्या हॉटेलात एकटेच जाऊन प्यायला लागले. मी ओळखलं, आता लपून चाललंय.

मग नकाशा आला. अर्थातच एका लग्नपत्रिकेच्या मागं. मी बघितला आणि माझं डोकंच फिरलं. दुकान चार फूट मागं! पुढं ओटा, दोन्हीकडच्या ओट्यांना जोडून, त्याच उंचीचा. ओट्यावर काँक्रीटची पातळ छपरी, शेजारच्या छपरीच्या रेषेत. खिडक्या उभ्या, गल्लीतल्या असतात तशा. तिसरा मजला पार मागं सरकवलेला, म्हणजे कमानीतून बघितलं तर दिसायलाच नको. आणि काच कुठंच नाही.

‘‘साहेब, काच?’’

‘‘वहिनी, आपल्या इकडचं ऊन. काचंमागं तुमी भाजून निघताल.’’

‘‘अन् हे चार फूट कुणाच्या घशात?’’

‘‘गल्लीच्या,’’ ते म्हणाले. ‘‘भिंत आतून तुमची, वहिनी. भाईरून सगळ्यांची.’’

‘‘सगळे मला वीट देणार आहेत का?’’ मी विचारलं. त्यावर ते ‘‘बराबर’’ म्हणाले, आणि गप्प.

मी आठ दिवस विचार केला. मला वाटलं, ह्यांना जुन्याची आवड दिसते. मग आपणही थोडं जुनं करू, म्हणजे खूश होऊन दुकान पुढं घेऊ देतील. मी नांदेडहून सिमेंटच्या तयार कमानी मागवल्या, खांबाला लावायचे, छपरी पेलणारे नक्षीचे घोडे मागवले, वर बसवायला दोन मोरही आणले. टेम्पो उतरला आणि खंदारे साहेब पहिल्यांदा अन् शेवटचं माझ्यावर चिडले.

‘‘हे सोंग कशाला आणलं? ही बिल्डिंग आज बांधून राहिलो ना आपण? मंग आजचीच दिसू द्या तिला. सिमेंट हाय, सिमेंटच दिसू द्या. म्हाताऱ्यांच्या पंगतीत बसायचं म्हणून कुणी पांढऱ्या मिशा चिटकवतं का? नीट मांडी घालून बसलं, शेजाऱ्याला धक्का न्हाई मारला, म्हंजे झालं!’’

मोर परत गेले. मला हसावं की रडावं कळेना. जुनं आणलं तर नको, नवं म्हणलं तर नको. ह्या माणसाला पाहिजे तरी काय? त्या रात्रीपासून, खोटं कशाला बोलू, मी त्यांच्या जेवणाच्या डब्यावरसुद्धा नजर ठेवायला लागले. डब्यात रोज भाकरी आणि ठेचा. गुलाबरावनी फोडलेल्या माणसाच्या डब्यात एवढंच काहून, असा प्रश्न तेव्हा मला पडायला पाहिजे होता. पडला नाही. उलट वाटलं, दाखवायला आणतोय.

ओट्याचा दगड बघायला एकदा आम्ही दोघं जीपनं सेनगावकडं निघालो. रस्त्यात एका गावी जीप थांबली. समोर चार मजली काचेची बिल्डिंग होती. जुन्या दुकानांच्या रांगेत ती एकटीच पुढं आलेली, अगदी रस्त्याच्या काठापर्यंत. तिच्यापुढं भर उन्हात एक म्हातारी पिशवीवर बसली होती, पदराचा आडोसा करून. मी म्हणलं, ‘‘बघा साहेब, मला अशी पाहिजे होती.’’ साहेब दुसऱ्या बाजूला बघत होते. जीपवाला हसून म्हणाला, ‘‘मावशी, ती ह्या साहेबांनीच बांधेल हाय की!’’

मी साहेबांकडं बघितलं. ते म्हणाले, ‘‘तिथं निंबाखाली ओटा होता. लोक जीपची वाट बघत बसायचे. मालकानं म्हणलं काढा, मी काढला. मला लई हौस होती तवा. ती म्हातारी बसली ना उन्हात, तिला मी बसवलं तिथं.’’

कुणी दुसरी असती तर तिचं मन विरघळलं असतं. माझ्या डोक्यात मात्र लख्ख उजेड पडला. मी म्हणलं, ‘‘म्हणजे चूक तुमची, साहेब, अन् फेडायची माझ्या जागेत?’’

जीपवाल्यानं मागं वळून पाहिलं. साहेब रागावले नाहीत. ‘‘बराबर,’’ ते म्हणाले. ‘‘तसंच असंल. पर वहिनी, दुसरी कुणाची जागा मला कोण देणार?’’

परत येईपर्यंत आम्ही दगडाविषयीच बोललो.

बांधकाम सुरू झालं. त्यांच्या नकाशाप्रमाणंच झालं, कारण परवानगी त्याच नकाशाला होती आणि मला दुसरा मार्ग नव्हता. माणूस कामाला चोख, हे मान्य केलं पाहिजे. वाळू तळहातावर चोळून बघायचे, माती लागली तर आख्खी गाडी परत. छपरीची कड शेजारच्या पत्र्याच्या रेषेत आली की नाही, हे बघायला दिवसातून दहा वेळा कमानीपर्यंत चालत जायचे आणि तिथून एक डोळा मिटून बघायचे. ओटा झाला. पाणी मारायला आम्ही पोती टाकली होती, तर ओल्या पोत्यांवरच बाजारच्या बाया येऊन बसायला लागल्या. साहेबांनी मला हाक मारून ते दाखवलं. लेकराला नवं झबलं घातल्यावर माणूस दाखवतो, तसं. मी बघितलं, आणि मला दिसले फक्त माझे चार फूट. त्यावर परक्या बाया बसलेल्या.

मग पेरणीचे दिवस आले. साहेब म्हणाले, ‘‘दहा रोज गावाकडं जाऊन येतो. तवर फक्त आतला गिलावा.’’ ते गेले. दुसऱ्या दिवशी मी जब्बार मिस्त्रीला बोलावलं आणि सांगितलं, शटर पुढं घे. ओट्याच्या काठावर. दोन्ही बाजूंनी भिंत उचल.

तो हातातली थापी खाली ठेवून म्हणाला, ‘‘भाभी, साब को आने दो ना. उनको पूछे बगैर कैसा करना?’’

‘‘जागा साबची आहे का माझी?’’

‘‘जगा तो आपकीच है, भाभी.’’

‘‘मग?’’

त्यानं केलं. पण चार दिवस माझ्याशी एक शब्द बोलला नाही. शटर बसलं, भिंती उठल्या, दुकान काठापर्यंत आलं. मी आत उभी राहून हात पसरले. माझं दुकान, पुरं. मला आनंद झाला होता, हे सांगायला मी लाजत नाही.

गुलाबराव त्यांच्या ओट्यावर उभे राहून बघत होते. मधे माझी भिंत आल्यानं त्यांची रांग तिथंच तुटली होती. मी वाटच बघत होते, आता हे भांडायला येतील आणि साहेबांशी काय ठरलं होतं ते तोंडातून निघेल. निघालंच.

‘‘वहिनी,’’ ते म्हणाले, ‘‘आता लपवून काय करू. ओटा बसवला त्या दिवशी मीच त्याला म्हणलं होतं. बाईचं दुकान अजून दोन फूट मागं घे, माझा बोर्ड चौकातून दिसू दे, तुला खूश करतो. त्यानं चहाचा कप तसाच ठिवला. म्हणला, तुमचा ओटा जेवढा, तेवढाच त्यांचा. बोटभर कमी न्हाई, बोटभर जास्त न्हाई. त्या दिवसापासून माझ्या दुकानात पाणी पिला न्हाई तो माणूस. मी विकत घ्यायला गेलो तर विकला गेला न्हाई. अन् तुमी त्याला फुकटात विकला.’’

मी म्हणलं, ‘‘खोटं बोलताय.’’ पण ते खोटं बोलत नव्हते. गुलाबराव खोटं बोलताना कसे दिसतात हे मला चौदाव्या दिवसापासून पाठ होतं.

दहाव्या दिवशी साहेब आले. मी सगळं बोलणं तयार ठेवलं होतं. जागा माझी, परवानगीचं मी बघून घेईन, तुमचं प्रायश्चित्त दुसरीकडं करा. त्यांनी बिल्डिंगकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. शटरवर हात ठेवला. मला वाटलं आता सुरू होईल. ते म्हणाले, ‘‘वहिनी, छपरीचा उतार भाईर हाय. पाऊस आला की सगळं पाणी शटरवर येईल, अन् तिथून तुमच्या भांड्यांत.’’

एवढंच! मग जब्बार मिस्त्रीला घेऊन दिवसभर उन्हात उभं राहून त्यांनी छपरीला पन्हळ लावून घेतली. पाईप कुठून उतरवायचा, पाणी गुलाबरावच्या ओट्यावर न जाता नालीत कसं सोडायचं, सगळं दोनदा बघितलं. निघताना म्हणाले, ‘‘आता न्हाई गळायचं.’’ आणि गेले. त्यानंतर कामावर आले नाहीत. उरलेलं मिस्त्रीनंच केलं. पाऊस आला, आणि खरंच एक थेंब आत आला नाही.

ह्याला आता बरीच वर्षं झाली. गल्लीत नंतर कुणी त्यांना काम दिलं नाही. लोक म्हणायचे, त्या साहेबाचा नकाशा भांडेवालीनंच मोडला, म्हणजे त्यात काही तरी खोट असणार. संशय माझा होता, आणि लागला त्यांना. मी तोंड उघडून कुणाला सांगितलं नाही की खोट नकाशात नव्हती. माझ्यामागून आणखी दोघांनी ओटे आत घेतले. बाजारच्या बाया आता कमानीपाशीच थांबतात.

मागच्या उन्हाळ्यात, भर दुपारी, खंदारे साहेब गल्लीतून चालत येताना दिसले. केस पार पांढरे झालेले, हातात पिशवी. ज्या दुकानांना छपरी उरली होती त्यांच्या सावलीसावलीनं येत होते. माझ्यापर्यंत आले आणि त्यांना उन्हात उतरावं लागलं. मी गल्ल्यावरून उठून धावतच पुढं गेले.

‘‘साहेब! अहो साहेब, थांबा ना. एवढ्या उन्हाचं कुठं निघाला? बसा, बसा जरा.’’

ते थांबले. हसले. ओळखलं मला. मग त्यांनी डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. शटरपासून रस्त्यापर्यंत वीतभर जागा नव्हती. आत पायरीपर्यंत हंडे रचलेले.

‘‘कुठं बसू, वहिनी?’’ त्यांनी विचारलं.

मी जन्मभर दुसऱ्याच्या बोलण्यातला काटा शोधत आले. ह्या वाक्यातही शोधला. नव्हता. त्यांना खरोखरच बसायचं होतं, दमले होते, आणि जागा विचारत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी ते गुलाबरावच्या ओट्यावर जाऊन बसले. मी आत चहा टाकला, कप घेऊन बाहेर आले. त्या ओट्यावर मी इतक्या वर्षांत पाय ठेवला नव्हता. साहेब सरकून म्हणाले, ‘‘बसा की, वहिनी, सावली हाय.’’ मी बसले नाही. त्यांचा चहा पिऊन होईपर्यंत मी उन्हातच उभी राहिले.